प्रार्थनेचा विषय

मावशी मिश्री लावते, हे मी लातूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं. आमचं घर चर्चच्या आवारात आणि तिची खोली मागच्या फाटकाला लागून. सकाळी ओट्यावर बसून ती बोटाने दात घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी तशाच काळ्या तोंडाने बोलायची. पाळकाची बायको म्हणून मला हे खटकायला हवं होतं, आणि खटकलंच. पण खरं सांगायचं तर मला तिच्यात काहीतरी वावगं हवंच होतं. मिश्रीपेक्षा मोठं काही मिळेना.

त्याआधी आम्ही नांदेडला बरीच वर्षं काढली. तिथे मी पाळकीणबाई होते म्हणजे होतेच. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या पोराला नोकरी लागेना, कुणाच्या नवऱ्याने पुन्हा बाटलीला हात लावला, पहिली चप्पल माझ्या दाराशी सुटायची. मी डोक्यावर पदर घ्यायची, समोरच्या बाईचा हात हातात धरायची आणि प्रार्थना करायची. प्रार्थना मला येते. आवाज देवाने दिलाय, शब्द आपोआप सुचतात, आणि मला कधी घाई नसते. गुरुवारी बायकांच्या मंडळात मी उभी राहून प्रार्थनेचे विषय सांगायची. नाव मात्र कधी घेतलं नाही. 'एका भगिनीच्या घरात अशांती आहे' एवढंच म्हणायची. फार तर 'ज्यांच्याकडे नुकतंच रंगकाम झालं' असं जोडायची, कारण प्रार्थना करणाऱ्यालाही काही धागा लागतो. बायका डोळे पुसायच्या आणि जाताना माझा हात दाबून जायच्या.

लातूरला कुणी आलंच नाही. म्हणजे मंडळी प्रेमळ होती, सणाला घरात ताटं येत, रविवारी 'जय ख्रिस्त' होई. पण दुःख घेऊन येणारी बाई आमच्या दारावरून सरळ मागच्या फाटकाकडे जायची. मी खिडकीत भाजी निवडत बसलेली असायची. मला बघून ती हसायची, पदर सावरायची आणि पुढे जायची. माझ्या पोटात दुखायचं. दुसरा शब्द नाही त्याला.

मावशी, म्हणजे सगळ्या मंडळीचीच मावशी, एसटीच्या एका ड्रायव्हरची विधवा. मुलंबाळं नव्हती. अंगाने आडवी, बोलायला फटकळ. उपासनेला दुसरं गीत संपता संपता यायची आणि शेवटच्या बाकावर टेकायची. मंडळात तिच्यावर शास्त्रपाठाची पाळी आली की सगळ्यात आखूड स्तोत्र काढायची. दोन ओळी वाचून, डोळे मिटून म्हणायची, 'देवा, सगळ्यांचं भलं कर, आमेन.' झालं. मी नांदेडला नव्या सुनांनासुद्धा याहून बरी प्रार्थना शिकवली होती.

एकदा गुरुवारी मी धडा घेतला. विषय माझ्या आवडीचा, विश्वास ओठांवर नको, हातापायांत दिसला पाहिजे. मी रात्री बसून तयारी केली होती, उदाहरणं काढली होती, शेवट तर इतका जमला होता की मलाच गहिवरून आलं. मग मी विचारलं, बहिणींनो, आपल्यात असं कोण जगतं, प्रत्येकीने आपल्या मनात बघावं. मनात कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेवटच्या ओळीत मावशी भिंतीला डोकं टेकून झोपली होती. आदल्या रात्री ती कुणाच्या तरी सासूपाशी दवाखान्यात बसली होती म्हणे. तोंड उघडं होतं. मी 'आमेन' जरा मोठ्याने म्हटलं.

दवाखाना हे तिचं दुसरं घर होतं. निलंगा, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून लोक पेशंट घेऊन लातूरला येतात आणि दवाखान्यामागच्या लिंबाखाली मुक्काम ठोकतात. मावशी तिथे भाकरी घेऊन जायची. तिथे निलंग्याकडची एक लिंगायत म्हातारी होती, आजारी नवऱ्याबरोबर आलेली. ती आमच्या हातचं खाणार नाही हे उघड होतं. दुसरी कुणी असती तर वाईट वाटून परत आली असती. मावशीने दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ, कोरा तवा आणि सरपण नेऊन दिलं, तीन दगड मांडून दिले आणि लांब जाऊन बसली. म्हातारीने स्वतःची भाकरी स्वतः भाजून खाल्ली. हे मला आमच्याच मंडळातल्या दोघींनी डोळे भरून सांगितलं. मी म्हटलं, छान, पण प्रभूचे दोन शब्द सांगितले का तिला?

सुगी झाल्यावर एक माणूस हरभऱ्याचं पोतं घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिला. कपाळाला भस्म, डोक्याला पटका. म्हणाला, मोठ्या बाईंना बोलवा, आमच्या आईनं पाठवलंय. मी पदर डोक्यावर घेतला, हात पुसले आणि हसत बाहेर गेले. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही न्हाई ओ," तो म्हणाला. "त्या लिंबाखालच्या."

मी बोट करून मागचं फाटक दाखवलं. ते पोतं मावशीने स्वतःकडे ठेवलंच नाही, घराघरांत वाटलं. आमच्याकडेही पातेलंभर हरभरे आले. पाळकसाहेबांनी दोनदा उसळ मागून घेतली. मी त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून जेवले नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. नव्या ठिकाणी रुळायला वेळ लागतो, अशी मनाची समजूत मी घातलीच होती. पण त्याच वर्षी आमची एकुलती एक मुलगी बाळंतपणासाठी आली. तिचं सासर नांदेडचंच. सातवा लागल्यावर मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. मनात ठरवून ठेवलं होतं की आता हे दोन-तीन महिने माझे. मंडळीने नाही मानलं तरी पोटची पोर तर माझी होती. डिंक आणला, खारीक आणली, बाळाच्या टोपड्यांसाठी जुन्या मऊ साड्या फाडून ठेवल्या.

आठवडाभरातच ती मागच्या फाटकाकडे जाऊ लागली. आधी म्हणाली, जरा पाय मोकळे करून येते. मग दुपारची झोपही तिकडेच. मी हाक मारायला गेले तर मावशीच्या मांडीवर पाय टाकून पडलेली, आणि मावशी तिचे तळवे चोळतेय. दोघी काही बोलत होत्या, मला बघून थांबल्या. मी म्हटलं, घरी तेल नाही का? मुलगी हसली आणि म्हणाली, "मम्मी, ये ना, बस." मी बसले नाही.

रात्री पाळकसाहेबांना म्हटलं, ती बाई पोरीला वळवून घेतेय. ते म्हणाले, तूही चोळ की तळवे. मी म्हटलं, मी तिच्यासाठी पहाटे उठून गुडघे टेकते ते कुणाला दिसतंय? त्यावर ते कूस बदलून झोपले.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी पाळकसाहेब उदगीरला सभेला गेले होते. ऑटो बोलावला आणि निघण्याआधी मी मुलीला खाटेवर बसवलं, दोन्ही हात धरले आणि प्रार्थनेला सुरुवात केली. त्या दिवशी शब्द फार सुंदर येत होते. तिच्या जन्मापासून आतापर्यंतचे सगळे उपकार आठवत मी लग्नापर्यंत आले होते, तेवढ्यात तिने माझी बोटं करकचून दाबली.

"मम्मी, आमेन म्हण," ती म्हणाली, "आणि मावशीला हाक मार."

मी हाक मारली. काय करणार. मावशी मिश्रीचं तोंड धुवून, पिशवी घेऊन आली. जणू चुलीपाशी तयारच बसली होती. ऑटोत मुलगी तिच्या खांद्यावर रेलली. मी दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली सांभाळत बसले, आणि खड्डा आला की ऑटोवाल्यावर ओरडत राहिले.

दवाखान्यात सिस्टरने तिला पलंगावर घेतलं आणि विचारलं, पहिलंच का? आई मी होते, मी उत्तर दिलं. हो, पहिलंच.

"दुसरं," मुलगी म्हणाली. पलंगाची दांडी तिने धरली होती आणि ती छताकडे बघत होती. "पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं."

सिस्टर पुढचे प्रश्न विचारत राहिली. मी मावशीकडे बघितलं. ती वाकून मुलीच्या चपला पलंगाखाली सरकवत होती. तिने मान वर केली नाही. तिच्या तोंडावर आश्चर्याची रेघही उमटली नव्हती, आणि त्यावरून मला कळलं.

बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ती म्हणाली, हाव. मग मला का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता, शेजारची माणसं बघायला लागली होती.

"तिनं न्हाई म्हणलं व्हतं," मावशी म्हणाली. "लेकराचा शबुद कसा मोडू?"

आत माझी मुलगी ओरडत होती, आणि बाहेर मी या बाईचा मत्सर करत बसले होते. मला तिच्या भाकऱ्यांचं काही नव्हतं, हरभऱ्याचं नव्हतं, वळलेल्या मानांचंही नव्हतं. माझ्या पहिल्या नातवंडाचं दुःख हिने आधी ऐकलं होतं, हिच्या मांडीवर माझी पोर त्यासाठी रडली होती, आणि मी खिडकीत भाजी निवडत होते. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. ती मात्र उठली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तो प्यायले, कारण घसा कोरडा पडला होता.

संध्याकाळी मुलगी झाली. सुखरूप.

पाचव्या-सहाव्या दिवशी बाळ झोपलं असताना मी विचारलंच. रागाने विचारायचं ठरवलं होतं, पण विचारताना रडू आलं. मुलीने दुपट्याची घडी घालून बाजूला ठेवली. मग तिने मला आठवण करून दिली की बारावीला तिला मार्क कमी पडले तेव्हा गुरुवारच्या मंडळात मी उभी राहिले होते. 'एक कन्या निराश आहे' म्हणाले होते. आणि 'जिचे वडील प्रभूच्या सेवेत आहेत' असंही.

"नांदेडात सेवेत असलेले वडील कितीक होते, मम्मी?" ती म्हणाली. "बाळ गेलं तेव्हा मी तुला फोन लावला होता. रिंग वाजायच्या आत कट केला. मला त्या गुरुवारचा विषय व्हायचं नव्हतं."

मी म्हटलं, लोकांनी प्रार्थना केली असती गं, त्यात वाईट काय होतं? ती म्हणाली, केली असती. आणि मग प्रत्येक जण माझ्या पोटाकडे बघून बोलला असता. मला तेव्हा कुणीतरी नुसतं जवळ बसायला हवं होतं.

माझ्याकडे यावर उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच उत्तर असतं. पण बाळ जागं झालं आणि ते राहून गेलं. हे सगळं लिहू का, म्हणून मी आता लिहायला बसताना मुलीला विचारलं. ती म्हणाली, एवढं लिही.

सव्वा महिना झाला आणि जावई न्यायला आले. निघताना मुलगी आधी मागच्या फाटकाकडे गेली. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण जावई दोनदा घड्याळ बघून आले. परत आली तेव्हा डोळे लाल होते. मला मिठी मारली तीही घट्टच होती, तरी मी मनात तराजू धरलाच.

त्या गुरुवारी मंडळात बायकांनी विचारलं, मुलीसाठी काही प्रार्थनेचा विषय? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे. सगळ्या मान वर करून बघायला लागल्या. सभा लवकर सुटली. मावशी त्या दिवशी जागी होती.

मावशीचं आणि माझं त्यानंतर गूळपीठ जमलं, असं काही नाही. मी तिच्याबरोबर एक-दोनदा लिंबाखाली गेले. मला तवा पुसायलाही नीट येत नाही, असं तिने चारचौघांत सांगितलं. तिची मिश्री मला अजून आवडत नाही. फाटकाकडे जाणाऱ्या बायका अजून माझ्या खिडकीवरूनच जातात.

परवा संध्याकाळी मुलीचा फोन आला. नेहमीच्या गोष्टी झाल्या, बाळ पालथं पडायला लागलं वगैरे. मग तिने मला तिच्या घरातली एक गोष्ट सांगितली. गोष्ट लहान नव्हती. मी मध्ये बोलले नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. ती सांगून संपली तरी मला एकच विचारायचं होतं, आणि मी विचारलं. मावशीला माहीत आहे का?

"आहे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात सांगितलं. पण मला तुलाही सांगायचं होतं."

गेल्या महिन्यात. मी जळायची ती जळलेच. ठीक आहे, मी म्हटलं, झोप आता. फोन ठेवला तर पाळकसाहेब दारात उभे होते, चष्मा कपाळावर. काय म्हणत होती, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, बाळ पालथं पडायला लागलंय म्हणे.