वरचे दात आणि डोळ्याची नस

गेल्या महिन्यात वाशीमला एका दाताच्या दवाखान्यात मी खुर्चीत आडवा पडलो होतो, आणि एक डोळा मिटून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो... मग दुसरा डोळा मिटून. अगदी हळूच, कोणाला दिसू नये म्हणून.

तीस वर्षं मी माईकसमोर उभा आहे. बुवाबाजी, करणी, नजर लागणं, या सगळ्यांवर गावोगाव आवाज चढवून बोललो आहे. तोच मी त्या दिवशी घामाने भिजलो होतो.

झालं असं, की मानोऱ्याला एका शाळेच्या कार्यक्रमात भाषण ऐन रंगात आलं असताना माझी वरची कवळी सुटली आणि टेबलावर पडली. माईकमधून 'टक' असा आवाज सगळ्या मांडवात गेला. कोणीही हसलं नाही... लोकांनी माना खाली घातल्या. रुमालाने तोंड झाकून मी खाली बसलो, तो पुढचे चार महिने बसूनच होतो. एकही भाषण घेतलं नाही. माझ्यासारख्या माणसाचं बोलणं गेलं तर मागे उरतं काय?

डॉक्टरबाई म्हणाल्या, कवळी पुन्हा पुन्हा सैल होईल. वरच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवू, म्हणजे हाडात चार स्क्रू. हाडाने त्यांना धरलं की काही महिन्यांनी कवळी त्यांच्यावर पक्की बसेल, बोलताना हलणार नाही. मग स्कॅन दाखवत त्या सहज म्हणाल्या, "ही सायनसची पोकळी. तिच्या वर डोळा. आपण इथपर्यंत जातच नाही."

त्यातलं मी एवढंच ऐकलं... 'तिच्या वर डोळा.'

आपल्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय ना, वरच्या दातांच्या नसा डोळ्याला जाऊन मिळतात. वरचा दात काढला की नजर जाते. माझे स्वतःचे वरचे दात हलून हलून आपोआप पडले, तेव्हा हे कधी मनात आलं नाही. पण हाडात स्क्रू, तोही वरच्या दिशेने... त्या आठवड्यात झोप अशी लागलीच नाही. घरात तीन कपाटं पुस्तकं आहेत. त्यांच्यासमोर मी एकेक डोळा झाकून उभा राहायचो.

ऑपरेशनच्या दिवशी सुई टोचली आणि पाच मिनिटांत गाल बधिर झाला. मग नाकाची एक बाजू. मग डोळ्याची खालची पापणी... बोट लावलं तर ती माझी वाटेना. मी डॉक्टरबाईंचं मनगट घट्ट धरलं आणि वाकड्या ओठांनी विचारलं, "डोळा... डोळा तर नाही ना जाणार?"

त्या हसल्या नाहीत. हातातली हत्यारं खाली ठेवून त्यांनी बोटं समोर धरली. "काका, किती?"

"तीन."

"आता?"

"दोन."

"पापणी बधिर झाली आहे, नजर नाही. दोन-तीन तासांत उतरेल. बघण्याची नस डोळ्याच्या मागून मेंदूत जाते, दाताशी तिचा संबंध नाही. भीती वाटत असेल तर थांबू... मला घाई नाही."

नसेबद्दलचं हेच वाक्य मी एकदा मंगरूळपीरला स्टेजवरून सांगितलं होतं. अगदी हेच... फक्त ओरडून.

तिथे रहीमभाई नावाचे टेलर आहेत, माझे सदरे वर्षानुवर्षं तेच शिवतात. त्यांचे वरचे तीन दात हलतात, हिरड्या सुजतात, तरी ते काढत नाहीत. एकदा मला म्हणाले होते, "डोळा गेला तं सुईत दोरा कोन ओवन, मास्तर?" ते वाक्य मी त्यांच्याच आवाजाची नक्कल करून भाषणात वापरलं. नाव घेतलं नाही, पण गावाला कळायचं ते कळलं. मांडव खदखदून हसला. तिसऱ्या रांगेत रहीमभाईही तोंडावर हात ठेवून हसले होते.

खुर्चीत ड्रिलचा आवाज कवटीत घुमत असताना मला तो तोंडावरचा हात दिसत होता... दीड तास.

टाके निघाल्यावर मी पहिला गेलो तो त्यांच्या दुकानात. सगळं सांगितलं, कॅलेंडरसकट. ते मशीन थांबवून ऐकत होते.

"मंग तुमीबी भ्याले?"

"लई भ्यालो, रहीमभाई."

"आन् मले तं माईकवरून हासले होते."

"चुकलो. माफ करा."

त्यांनी सुयांच्या गादीत खोचलेली एक बारीक सुई काढली, काळा दोरा तोडला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "ओवा."

चष्मा लावला. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा दोऱ्याचं टोक फाटलं... तिसऱ्यांदा आरपार गेलं. त्यांनी सुई उजेडात धरली, दोरा ओढून पाहिला, आणि बराच वेळ गालावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "मंगळवारी दुकान बंद ऱ्हायते माह्यं. सोबत येता काय?"

अजून माझे स्क्रू हाडात मुरायचे आहेत, पक्की कवळी बसायला काही महिने आहेत. तोवर भाषण नाही. बरंच आहे ते... भित्र्या माणसावर ओरडणं सोपं असतं, त्याच्यासमोर तीन बोटं धरून थांबणं मी त्या डॉक्टरबाईंकडून शिकलो.

मंगळवारी वाशीमच्या त्याच दवाखान्यात रहीमभाईंच्या खुर्चीजवळ मी उभा राहणार आहे. त्यांचा हात धरून... काहीही न बोलता.