चांगली डाळ उडवणारा बोर्ड

उदगीरच्या त्या डाळमिलमध्ये माझा बोर्ड आजही चालतोय, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणा मला फारसा जमत नाही.

लातूरला माझं पॉवर सप्लाय बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मिलमध्ये डाळ निवडायचं मशीन असतं. वरून डाळ पडते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि काळा दिसला की मशीन तो हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतं. त्या मशीनचा सप्लाय, म्हणजे त्याला हवी तशी वीज पुरवणारा बोर्ड, जळाला होता आणि कंपनीचा माणूस यायला आठवडा लागणार होता. मिलचे मालक अप्पा, त्यांना मी छातीठोकपणे सांगितलं, "मी बनवते."

डाळमिलची धूळ मला लहानपणापासून माहीत. आई मिलमध्ये निवडायला जायची, तिच्या पदरातून धूळ घरी यायची. ती बोर्डावर बसली की ओल धरते आणि बोर्ड जाळते. म्हणून मी एकेक पार्ट ऐसपैस लांब बसवला. हवेचा पाइप मारला की सगळं साफ. माझ्या हुशारीवर मीच खूश.

मशीन सुरू झालं आणि चांगली पिवळी डाळ काळ्या दाण्यांच्या पोत्यात उडू लागली. अप्पांनी त्यातली मूठभर माझ्यासमोर धरली.

"माय, हे काय करून राहिलंय तुझं मशीन? परवापर्यंत बघतो. न्हाई जमलं तर कंपनीवाला हायच."

उदगीरचे मिलवाले रोज एकत्र चहा पितात. इथून बोर्ड निघाला असता तर पुन्हा कुणी मला दारात उभं केलं नसतं. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

मीटरवर व्होल्टेज अगदी बरोबर. कॅमेरा पुसला, वायरी ओढून बघितल्या, काही नाही. तेवढ्यात वॉचमनकाका कुरकुरले, "बाई, तुमचं डबडं लावल्यापासून माझा रेडिओ लई खरखर करून राहिला."

मी त्यांच्या हातातून रेडिओ हिसकावलाच. बोर्डावरून फिरवला. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरपासून स्विचपर्यंत जी तांब्याची लांब पट्टी होती, तिच्याजवळ तो नुसता किंचाळला.

सप्लायमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. दर वेळी करंट कपॅसिटरमधून निघतो, स्विचमधून फिरतो आणि परत येतो. हा फेरा जेवढा मोठा, तेवढा त्याचा गोंगाट लांब पोचतो. धुळीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेनं तो फेरा मीच वीतभर केला होता, आणि कॅमेऱ्याची वायर शेजारीच. गोंगाट तिच्यात शिरून मशीनला पिवळा दाणाही काळा वाटत होता. कॉलेजात हे शिकले होते, पेपरात लिहून मार्कही घेतले होते! मग विसरले कशी?

लातूरला पळाले. नवा बोर्ड आखला, केमिकलमध्ये स्वतः कोरला. कपॅसिटर स्विचला अगदी खेटून, परतीचं तांबं बरोबर त्यांच्या खाली. सुरक्षेसाठी हवं तेवढंच अंतर ठेवलं. कॅमेऱ्याची वायर दुसऱ्या टोकाला नेली. आणि धुळीसाठी? वरून वॉर्निशचा हात दिला. एवढं साधं होतं ते.

तिसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. आधी रेडिओ लावला, तर बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. मग डाळ सोडली. अप्पा पोत्याशी उकिडवे बसून राहिले. पोत्यात काळे दाणे पडत होते, एखादाच पिवळा चुकून. मी तिथेच टाळी वाजवली, लाज न बाळगता.

अप्पांनी कंपनीला फोन लावला. "साहेब, आता येऊ नका. आमच्या बाईनं केलं. हाव, लातूरच्याच हायत."

मग उठून त्यांनी पलीकडच्या मशीनकडे बोट केलं. "त्यातला सप्लाय बी काढ आन् तुझा बसव."

तो कंपनीचा होता आणि व्यवस्थित चालत होता. मी आनंदानं काढला.