उरलेले देश

युरोपसरांच्या वर्गात देश सत्तावीस आणि विद्यार्थी सात. म्हणून सर दरवर्षी पुठ्ठ्याच्या पाट्या करत, एकेका पोराला तीन-तीन देश वाटत आणि युरोपीय संघाची बैठक भरवत. उरलेले देश ते स्वतः घेत. मग खुर्ची बदलून स्वतःशीच कडाकडा भांडत, आणि हरतही. पोरं पोट धरून हसत. पण नियम मात्र पक्का डोक्यात बसे: काही विषयांत एकमत लागतं, एकाने नकार दिला की ठराव आडवा.

वर्गातलं वर्गात ठेवावं, एवढं शहाणपण मात्र सरांना नव्हतं. त्यांनी तोच नियम घरी आणला. पडद्याच्या रंगापासून सुट्टीतल्या सहलीपर्यंत सगळं तिघांच्या एकमताने: सर, बायको आणि मुलगा. मुलगा लहान होता तोवर मजा होती. भोपळा त्याने एकट्याच्या नकारावर घरातून हद्दपार केला होता.

पुढे हा मुलगा कॉलेज सोडून दूरच्या बंदरात जहाजदुरुस्ती शिकायला जातो म्हणाला. सरांनी जेवता जेवता हात वर केला आणि म्हणाले, "नकार." बायको काहीच बोलली नाही. मुलगाही त्या वेळी हसला नाही. संघातून बाहेर पडणाऱ्या देशाला वाटाघाटींसाठी दोन वर्षांची मुदत असते. पोराला एक बॅग पुरली. पुढे बोलणं सुरू झालं, पण ते हवेबद्दल आणि सरांच्या गुडघ्यांबद्दल.

बायको देवाघरी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हल्ली घरात सगळे ठराव एकमताने मंजूर होतात. हा विनोद सरांनी स्वतःलाच दोन-तीनदा सांगून पाहिला. घर खायला उठतं, हे काही त्याने लपत नव्हतं.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. समुद्रापलीकडे कायमची नोकरी मिळत होती, बायको-मुलीसकट जायचं होतं. "अजून हो म्हटलेलं नाही, बाबा. तुमचं मत काय ते पुढच्या रविवारी सांगा." आपण नाही म्हटलं तर या वेळी तो थांबेल, हे सरांना त्याच्या आवाजावरून कळलं. आणि नाही म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं.

शनिवारी वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, 'युरोप सर्वांसाठी'. सर्वांपैकी चौघे आले, त्यातला एक पंख्याखाली बसायला. शेवटी वाचनालयाच्या बाई किल्ल्या हातात घेऊनच म्हणाल्या, "सर, एकमत नाही झालं की सगळं अडतंच का हो?"

"तसं नाही," सर सवयीने म्हणाले. "ज्याला पटत नाही त्याने नकारच दिला पाहिजे असं नसतं. तो तटस्थ राहू शकतो. गप्प बसणाऱ्यामुळे ठराव अडत नाही."

"मग बरंय की. घरात जमलं असतं तर किती भांडणं वाचली असती."

सर पाट्या गोळा करायचे थांबले. त्यांना जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलेली बायको आठवली. पोर जावं असं तिलाही वाटत नव्हतं. उभा जन्म हा नियम शिकवला, आणि दिव्याखाली अंधार.

रविवारी फोन आला.

"बाबा, काय ठरवलंत?"

"मी तटस्थ."

पोरगा त्याच नियमात वाढलेला, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे पटलेलं नाही तुम्हाला."

"नाही पटलेलं," सर म्हणाले. "जा तू."

"त्या दिवशी आईपण अशीच गप्प बसली होती."

"हो. तिला नियम माझ्यापेक्षा बरा कळायचा."

मग ते हवेबद्दल बोलले. गुडघ्यांबद्दलही बोलले. फोन ठेवल्यावर सर बराच वेळ टेबलाशी बसून राहिले, बायको बसायची त्या खुर्चीवर.