ताईच्या गाडीला मूठ बसवली

गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साचतात. किश्श्यांचंही तसंच. मोताळ्यात माझं गॅरेज आहे. तिथे गाड्या कमी आणि बसणारे जास्त! लोक म्हणतात, "आनंदा, तुह्याकडं किस्से लय भारी राह्यते." भारी ऐकणाऱ्याला! मला नुसते आठवले तरी डोकं सणकतं. आणि एकाच मुठीपायी किती किस्से व्हावेत, यालाही काही मर्यादा असते की नाही?

*

माझी थोरली बहीण वंदनाताई नर्स आहे. राहते बुलढाण्यात आणि घाट उतरून आमच्या बाजूच्या गावांत मोटरसायकलवर फिरते, लेकरांना लस टोचत. हिवाळ्यात घाट उतरेपर्यंत तिची बोटं पांढरीफटक पडतात. त्यांत जीवच राहत नाही. मागच्या थंडीत एका बाळाजवळ बसून सिरिंज हातात घेतली आणि ती बोटांतून सुटून फरशीवर पडली. कुणाला काही झालं नाही, पण ताई माझ्याकडे येऊन रडली. "आनंदा, बोटं गेले तं माही नोकरी गेली रे."

तिने साहेबांना सांगून पाहिलं. साहेब जीपमध्ये काचा वर करून बसले होते. त्यांनी काच थोडीशी खाली घेतली आणि म्हणाले, "मॅडम, हातमोजे घाला."

"घातलेत सर. एकावर एक दोन घातलेत."

"मग तिसरा घाला!"

आणि काच वर!

*

मी शोधाशोध करून गरम होणाऱ्या मुठी मागवल्या. हँडलच्या साध्या रबरी मुठी काढायच्या, या बसवायच्या. आत तार असते, ती बॅटरीवर तापते. पार्सल आलं त्या दिवशी गॅरेजवर जत्रा भरली. सगळ्यांत पुढे आमचे गजाननभाऊ. रोहिणखेडच्या पलीकडे त्यांचं गाव, शेती मोठी, राबायला माणसं, म्हणून हे दिवसभर माझ्या बाकावर.

"गरम मूठ? आपल्या इकडं? बाप्पा! मे महिन्यात ये म्हना बाईले, सारी गाडीच गरम भेटते!"

सगळे खो खो हसले. बाईमाणसाला जरा कुठे आराम मिळतो म्हटलं की यांच्या पोटात दुखतं! मी विचारलं, "भाऊ, तुमच्या चारचाकीत हिटर हाय ना?"

"हाय ना. पण तो कंपनीनंच देल्ला. म्या कुठी मांगतला?"

*

आता या मुठींचं एक असतं. उजवी आतून जरा मोठी, कारण ती रेसच्या नळीवर चढते. डावी लहान, ती थेट दांडीवर बसते. दांडी कोरडी करायची, चिकटवण लावायचं आणि घट्ट बसवायची. मी उजवी बसवली आणि चहा सांगायला समोर गेलो. तेवढाच वेळ!

परत आलो तर गजाननभाऊंचे हात काळे आणि तोंडावर इनाम जिंकल्याचा आनंद. "डावी बसोली बे आनंदा. जात नव्हती. ऑइल लावलं, सटकन गेली!"

इंजिन ऑइल! मी धरून पाहिली, तर मूठ गरगर फिरत होती. जरा ओढली तर सगळी हातात आली. घाटातल्या वळणावर माझ्या बहिणीच्या हातात ही अशी आली असती म्हणजे? मी ओरडलो, "भाऊ, कोनं सांगतलं होतं तुमाले?"

ते शांतपणे म्हणाले, "अरे, गेली तशी आली. काम सोपं झालं ना?"

*

दांडी पुसून, चिकटवण लावून मी डावी पुन्हा बसवली. वायरिंग शेजारच्या शकीलभाईने केलं. माणूस कामाचा पक्का, पण कानाचा हलका. मी सांगितलं होतं, चावी फिरवल्यावरच तापली पाहिजे. गजाननभाऊंनी त्याच्या कानात सांगितलं, डायरेक्ट बॅटरीले जोड, गाडी उभी असताना बी हात शेकता येते! त्याने जोडली.

मग काय विचारता! ताई मीटिंगला आली की गाडी माझ्या दारात लावायची. तिची पाठ वळली की मंडळी हजर. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मूठ. गजाननभाऊ तर डावा शेकून झाला की उजवीकडे यायचे. ज्याने "कायले पाह्यजे" म्हणून दात काढले, तोच आता नंबर लावून उभा!

एक दिवस ताई मीटिंग आटोपून आली. बटण दाबलं, काही नाही. या नव्या गाडीला किकही नाही. बॅटरी पार झोपलेली. पुढच्या गावात बायका लेकरं घेऊन वाट पाहत बसलेल्या. ताईने मुठींना हात लावला आणि गजाननभाऊंकडे असं पाहिलं की त्यांचा चहा थांबला.

"मूठ गरम अन् गाडी थंडी! तुमीच ढकला आता, भाऊ."

आणि त्यांनी ढकलली, पार पेट्रोल पंपाच्या चढापर्यंत. त्याच संध्याकाळी मी ते वायरिंग उचकटलं आणि चावीवर घेतलं.

*

ढकलल्याचा राग भाऊंनी जिभेवर काढला. आठवडी बाजारात भेटेल त्याला तेच. "झाकली मूठ सव्वा लाखाची, तं नर्सबाईची तापली मूठ केवढ्याची? आनंदानं तिच्या गाडीले मूठ बसोली ना!"

मी हात जोडले. "भाऊ, ग्रिप म्हना. खेड्यापाड्यात मूठ म्हटलं का लोकाईले करणीची मूठ आठोते. मूठ मारली अन् मानूस गेला, असं मानतेत लोकं. बाई लेकराईले सुई टोचते, काही समजते का तुमाले?"

"काऊन? मी मराठी मानूस हाव. मूठच म्हनीन!"

*

पुढच्याच आठवड्यात ताईसोबत मी मागे बसून निघालो. मुठी नीट तापतात का, ते पाहायचं होतं. गाव गजाननभाऊंचंच. अंगणवाडीत कुणी नाही. एक बाई आम्हाला पाहून लेकराला पदराखाली घेत आत पळाली. शेवटी गजाननभाऊंच्या दारात गेलो, कारण यादीत पहिला त्यांचाच नातू होता. दार बंद. आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला.

"जाय वं बाई! तुह्या गाडीले मूठ बसोली हाय. आमचं लेकरू नाही भेटनार तुले!"

ताईचा चेहरा लाल झाला. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, बाबांनी कधी दारावर लिंबूसुद्धा बांधू दिलं नाही. तिने तिथूनच गजाननभाऊंना फोन लावला. "भाऊ, आत्ताच्या आत्ता घरी या. तुमच्या नातवाची लस चुकून राह्यली."

भाऊ धापा टाकत आले. दारावर थापा मारल्या. "माय, दार उघड! ते तशी मूठ नोहे वं, हँडलची मूठ हाय!"

दार उघडलं. म्हातारी काठी टेकत बाहेर आली. "तूच तं सांगतलं जेवताना! आनंदानं मूठ बसोली म्हनून हासत होता ना?"

"ते गंमत होती, माय."

ताईने चावी फिरवली. गाडी चालू करून ओट्याला लावली. "आजी, मी नाही काही बोलत. तुमी हात लावून पाहा."

गजाननभाऊ मधे आले, "माय, थांब, मी लावतो." म्हातारीने त्यांना काठीने बाजूला केलं. आधी एक बोट लावलं. मग तळवा ठेवला. मग काठी सुनेकडे देऊन वाकडी झालेली सगळी बोटं मुठीभोवती आवळली आणि डोळे मिटून उभी राहिली.  

म्हातारीने डोळे उघडले आणि लेकाकडे पाहिलं.

"मूठ गाडीले नाही बसोली, गज्या. तुह्या जिभेले बसोली!"

मग हात काढून तिने ताईची बोटं धरली, ती मुठींवर ठेवली आणि सुनेला हाक मारली.

"आन वं लेकराले. बाईचे हात गरम हायेत तोवर आन."