सांबराचं शिंग कुठं गळतं

सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. ती कुठं पडतात याची नोंद करण्याचं काम मला पदवीनंतर मिळालं. नकाशावर खुणा करून तीन दिवस जंगलात हिंडलो, एकही शिंग दिसलं नाही. चौथ्या दिवशीही रिकामा परतलो तर काम दुसऱ्याला जाणार होतं, म्हणून बाबांना सोबत घेतलं. ते आयुष्यभर वणवे विझवायच्या कामावर होते. शाळा त्यांना मिळाली नाही, मला मात्र त्यांनी शिकवलं.

"कागदावर शिंग भेटते का, साहेब?" ते हसले. "जनावराले जिथं उडी घ्या लागते, तिथं पाहा. हिसका बसला का सुटते."

त्यांनी मला एका कोरड्या नाल्यापाशी नेलं. पलीकडच्या काठावर, पाचोळ्यात, माझ्या हाताएवढं शिंग पडलं होतं. मी उचलायला वाकलो.

"राहू दे, साळिंदराचं खाणं हाये ते."

खरंच, टोकाशी दातांचे ताजे ओरखडे होते. मी गुडघे टेकून बघत राहिलो. काही महिन्यांत एवढं वैभव डोक्यावर वाढवायचं, आणि एका उडीत टाकून चरायला निघून जायचं! मी तर माझी एक पदवी भिंतीवर टांगून ठेवली आहे.

"आणि दुसरं शिंग?" मी विचारलं.

"हे उजवं. आता डावीकडं जड झालं न डोकं. तिकडंच वळलं असन."

बाबांनी मान जराशी डावीकडे कलती केली आणि सांबर चालावं तसे हळूहळू झाडीत शिरले. मी वही मिटली आणि त्यांच्या मागे निघालो.