सीडीवरची हळद

भाचीचं लग्न ठरलंय. तिला तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, लग्नाची सीडी मोबाइलवर हवी आहे. कपाटातून काढली, तर कडेला तो पिवळा डाग अजून आहे.

काचीगुड्याचं घर आठवलं. ऑपरेशनमुळे बाबा लग्नाच्या दिवशी दवाखान्यात होते. ते घरी आले तेव्हा ताई सासरी गेलेली. त्यांना लग्न दाखवायचं म्हणून मी कॅसेटवरून सीडी बर्न केली, कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. संध्याकाळी बाबांना उशांना टेकवून टीव्हीसमोर बसवलं, तर प्लेअर सीडी घेईना. वायर तपासली, प्लेअर बंद करून पुन्हा लावला. शेवटी सीडी बाहेर काढली, तर चकचकीत बाजूवर हळदकुंकवाची ओली बोटं.

"आई, हे काय?"

"नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय सुरू करतात का?"

बाबा हसले. "नक्को बोलू तिला. पूजा झाली, आता दर्शन तेवढं घडव."

त्यांच्या चष्म्याच्या फडक्याने मी सीडी मधून कडेकडे हलकेच पुसली. चालली. मंगलाष्टकं, अक्षता, सगळं नीट दिसलं. शेवटी पाठवणीत ताईने वळून पाहिलं आणि चित्र तिथेच अडकलं. कडेची हळद राहिली होती. मी चिडून रिमोट उचलला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी कुठे दिसली मला? थांबलीय तोवर बघतो."

आजच्या कामांच्या यादीत मी 'डाग पुसणे' लिहिलं होतं. ते खोडलं. भाचीलाही तिची आई तिथे थोडी थांबलेली दिसू दे.