संगणकात शून्य, फ्रिजमध्ये एक

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील मेंढरं राखायचे, मी डेटाबेस राखतो. याचा मला अभिमान आहे, तो लपवायचं काही कारण नाही. तरीही सोलापूरच्या एका रक्तपेढीत एका दुपारी माझी बोबडी वळली.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या ऑफिसनं त्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर नुकतंच नव्या डेटाबेसवर हलवलं होतं. नीट चालतंय का, हे बघायला मी काउंटरमागे बसलो होतो. तेवढ्यात भवानी पेठेतल्या विणकर घरातली एक बाई तरण्या मुलाला घेऊन धावत आली. सून बाळंत झालेली, रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह.

"एकच पिशवी हाय मावशी, नशीब तुमचं," काउंटरवरचा टेक्निशियन म्हणाला. त्यानं सुनेचं नाव भरलं. तेलुगू आडनाव, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं मिळून लांबलचक. बटण दाबलं तर लाल अक्षरं आली. त्यानं ती बंद करून यादी परत उघडली. शिल्लक शून्य.

"साहेब, आत्ता एक होती की!"

"दुसऱ्या खिडकीवरून कुणी घेतली असेल," मी ठासून सांगितलं. "डेटाबेस अर्धं काम ठेवत नसतो. एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही."

मुलगा उठलाच. "करकंबला माझा दोस्त हाय, हाच गट. घिऊन येतो."

"अय्यो, करकंब काय हितं हाय व्हय रे? तोवर पोरगी ऱ्हाईल का?" मग ती माझ्याकडं वळली. "तुमी शिकलेले दिसता. बघा की जरा त्यात."

तिच्या समाधानासाठी मी डेटाबेसनं काय केलं त्याची नोंद उघडली आणि बघतच राहिलो. दोन सूचना एकत्र बांधलेल्या होत्या. पिशवी रुग्णाच्या नावावर राखून ठेव, आणि ती शिलकीतून कमी कर. नाव रकान्यात मावलं नाही म्हणून पहिली फसली होती. दुसरी मात्र खुशाल पार पडली होती, आणि वर सगळं पक्कं झाल्याचा शेरा!

ओढ्याला पहिली मेंढी अडली की मेंढरांचं सगळं खांड थांबतं. जुना डेटाबेस तसा होता, एक सूचना फसली की पुढची घ्यायचाच नाही. नवा फक्त फसलेली सूचना रद्द करून पुढं जायचा. सगळं मागं घे, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"फ्रिज उघडा!"

"साहेब, शून्य दाखवतंय..."

"उघडा म्हणतो ना!"

पिशवी तिथंच होती.

मी पळत फाटकाशी गेलो. मुलानं करकंबला निघायला गाडीला किक मारली होती, तिचं हँडलच धरलं. टेक्निशियन पिशवीतलं रक्त मावशीनं आणलेल्या सुनेच्या रक्ताच्या नमुन्याशी जुळवून बघायला आत गेला. तोवर मी काउंटरवरचं काम थांबवायला लावलं आणि 'सगळं मागं घे' ही राहिलेली ओळ घातली.

"म्हंजे, मगापासनं हितंच होती?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशी."

तिनं फ्रिजकडं बोट केलं, मग माझ्या संगणकाकडं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतून आवाज आला, "जुळलं!" मुलगा बर्फाचा डबा छातीशी धरून पळाला. तिनं पदर खोचला आणि जाता जाता म्हणाली, "मशीनला इचारत बसू नगा. आदी फ्रिज उघडा."